झडपेतली माया

बाईंशी ज्याची ज्याची ओळख झाली, त्याची आधी बाही उलटी झाली. नाव-गाव मागाहून. मी नंदुरबारला पोस्टात बदलून आले आणि भाड्याच्या खोल्या बघायला त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी मला कोण, कुठल्या, काहीच विचारलं नाही. माझ्या ब्लाउजची बाही दोन बोटांत धरून उलटवली, आतली शिवण डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

"काय वं माय, यामा माया कोठे शे? कोनी शिवं हाई?"

मी म्हटलं, धुळ्याच्या शिंप्याने.

"कापड खाई गया तो," बाई म्हणाल्या आणि किल्ल्या घेऊन मला खोल्या दाखवायला निघाल्या.

शिवताना जादा कापड आत दुमडून ठेवतात, पुढे अंग भरलं की शिवण उसवून कपडा सैल करता यावा म्हणून. त्या आतल्या कापडाला आपण माया म्हणतो. कुठल्याही शिंप्याच्या दुकानात दिवसभर ऐकू येणारा शब्द. बाईंनी मात्र सबंध आयुष्य त्यावर बेतलं होतं. मुलींच्या शाळेत त्या शिवणकाम शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी भाजीबाजारात, बँकेत, दवाखान्यात त्या सगळ्यांच्या 'बाई'च होत्या. आता त्या नाहीत, त्यांच्या घरात दुसरेच लोक राहतात, पण पत्ता सांगताना गल्लीतली माणसं अजून 'बाईंच्या घराशेजारी' असंच सांगतात.

तयार कपड्यांवर त्यांचा दात होता. दुकानातून आणलेला फ्रॉक कुणी हौसेने दाखवला की त्या तो उलटा करायच्या आणि नाक मुरडून परत द्यायच्या. आमचे दोरीवर वाळत घातलेले कपडे तर येता-जाता तपासले जायचे. माझ्या नवऱ्याने एकदा त्यांना आपला शर्ट उलटसुलट करून बघताना पाहिलं आणि तो इतका ओशाळला, की पुढे किती तरी दिवस स्वतःचे कपडे घरात पंख्याखाली वाळवत होता. तो वीज कंपनीत नोकरीला, रोज शहाद्याला जायचा. बाईंसमोरून जाताना मात्र हात खिशात घालून जायचा, बाही हाती लागू नये म्हणून.

माया त्यांना फक्त कपड्यातच हवी होती असं नाही. सकाळची गाडी असली की बाई पहाटेच स्टेशनात जाऊन बसायच्या. का, तर "येळले बी माया ठेवनी पडस." चहाला एका कपाचं पाणी कायम जास्त. कुणी आलं तर त्याला, नाही आलं तर तोही स्वतः प्यायच्या आणि दुपारी पित्त झालं म्हणून माझ्या नावाने हाका मारायच्या. कणीक जास्त, वरण जास्त, दाराच्या पडद्याला खाली वीतभर दुमड. दार काय वाढणार होतं? पण विचारलं की उत्तर ठरलेलं, "आतमा ऱ्हाऊ दे."

त्यांनी लग्न का केलं नाही, हे विचारायची छाती फक्त माझ्या सासूबाईंना झाली. त्या ब्राह्मणपुरीहून ज्वारी आणि घरची पपई घेऊन आल्या होत्या. बाईंनी पपई कापता कापता सांगून टाकलं, "मन्हा मापना कोनी भेटनाच नही. आनि जो भेटना, त्यामा माया नव्हती." सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. जाताना मला हळूच म्हणाल्या, घर सोडू नको, बाई चांगली शे.

चांगल्या होत्याच, पण सोसायला कठीण. शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा पाहुण्यांना गुच्छ द्यायचा मान त्यांना मिळाला. पाहुणे म्हणजे कुणी तरी मोठे साहेब, नव्याकोऱ्या जाकिटात. बाईंनी गुच्छ त्यांच्या हातात दिला आणि साहेबांचे दोन्ही हात अडकलेले बघून जाकिटाची कड उलटवली. समोर माइक चालू. "साहेब, पुढला साले बटन लागाव नही." सभागृह हसून लोळलं. साहेबांनी पोट आत घेतलं आणि भाषण आटोपतं घेतलं. मुख्याध्यापिकांनी नंतर बाईंना बरंच सुनावलं म्हणतात. बाईंचं म्हणणं एवढंच होतं, की बटण तर मी तोडलं नाही.

माझंही त्यांच्याशी वाजायचं. दार न वाजवता आत येणं, माझी भाजी चाखून त्यात परस्पर तेल घालणं, पाहुण्यांसमोर माझ्या साडीचा फॉल बघणं. चिडून मी दोनदा दुसरीकडे खोल्या बघून आले. मिरचीच्या हंगामात तर गावाबाहेर ती वाळत घालायच्या पथाऱ्यांवरून तिखट धुळीचा खकाणा यायचा, शिंका देऊन देऊन सगळ्यांचंच डोकं उठलेलं असायचं, तेव्हा आमच्या भांडणाला फार कारण लागायचं नाही. पण चिमी त्यांच्याकडून हलायला तयार नसायची. चिमी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. तिचा सगळा दिवस बाईंच्या शिलाई मशिनखाली जायचा, चिंध्यांच्या ढिगात.

ती मशिनखाली बसूनच का असते, पळत का नाही, हे आधी बाईंच्याच लक्षात आलं की माझ्या, ते सांगता येणार नाही. जिना चढताना ती मध्येच बसायला लागली. दुसरीच्या वर्गात होती. गावातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पुन्हा लावली, आणि चिठ्ठी देऊन सुरतेला पाठवलं. नंदुरबारच्या माणसाचं दुखणं जरा मोठं झालं की सुरत ठरलेली.

चिमीच्या हृदयातली एक झडप जन्मापासूनच बिघडलेली होती. फुप्फुसाकडे रक्त सोडणारी. ती धड उघडत नव्हती, धड मिटत नव्हती, आणि हृदय थकत चाललं होतं. नवी झडप घालावी लागणार होती. सुरतेचे डॉक्टर गुजराती, वयाने माझ्याहून लहान, आमच्याशी हिंदीत बोलायचे. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक झडप ठरलेल्या मापाची, पुष्कळ मुलांना बसवलेली. पण पोर वाढते, ती झडप वाढत नाही. काही वर्षांनी अपुरी पडली की पुन्हा छाती उघडायची, आणि कदाचित त्यानंतर पुन्हा. दुसरी झडप नव्या तऱ्हेची. आज लहान करून बसवायची, आणि पोर वाढेल तशी मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी आत न्यायची, तिच्या टोकाशी फुगा असतो, तो फुगवून झडप आतल्या आत रुंद करायची. छाती उघडायला नको. मात्र ही अजून थोड्याच मुलांना बसवली होती, आणि जन्मभर पुरेल याची खात्री तिचीही नव्हती. ठरवा तुम्ही, ते म्हणाले.

आम्हाला ठरवता येईना. नवऱ्याचं म्हणणं, माझ्या पोरीवर काही नवीन करून बघायचं नाही. ब्राह्मणपुरीचं सगळं घर त्याच्या बाजूने. मला चिमीची छाती पुन्हा पुन्हा उघडलेली डोळ्यांसमोर दिसायची आणि मी नव्या झडपेचा हट्ट धरायची. एकमेकांशी बोलणं जवळजवळ बंद झालं. बोललो की त्याच एका विषयावर, आणि चिमी झोपली असं समजून. शेवटी पुन्हा एकदा सुरतेला जाऊन विचारायचं ठरलं. स्टेशनात गेलो तर बाई आमच्या आधीच बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"मी येस," त्या म्हणाल्या. विषय संपला.

डॉक्टरांच्या खोलीत शिरल्यावर त्यांनी जे केलं, ते मला आधीच कळायला हवं होतं. डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाची बाही उलटवली. "यामा बी नही," असं माझ्याकडे बघून म्हणाल्या आणि मग थेट त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसल्या.

"डॉक्टरसाहेब, झडप में माया रखेंगे ना?"

डॉक्टरांचा चेहरा एकदम मऊ झाला. गुजरातीत आजीला म्हणतात तसं ते बाईंना 'बा' म्हणाले. "अरे बा, माया के बिना बच्चों का काम होता है क्या? माया तो हम बहुत रखते हैं."

"आयकं का भाऊ?" बाई माझ्या नवऱ्याकडे वळल्या. "ठेवतस त्या! कर सही." मग पुन्हा डॉक्टरांना, "कितनी रखेंगे? एक इंच?"

"एक इंच... माया?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी बाईंकडे. कोपऱ्यात चिमीचं वजन घेणारी नर्स चिंचपाड्याकडची, म्हणजे आमच्याच भागातली होती. ती तोंड दाबून हसत होती. तिनेच शेवटी आपल्या कोटाची शिवण दाखवून गुजरातीत त्यांना समजावलं, की बा प्रेमाचं विचारत नाहीयेत, शिवणीतल्या जादा कापडाचं विचारतायत. डॉक्टर खुर्ची मागे जाईल इतकं हसले. इतक्या दिवसांत त्या खोलीत कुणी हसलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यांनी खणातून नमुन्याची झडप काढली. अंगठीएवढी, तारेच्या जाळीची, आतून पातळ पडदे. बाईंनी ती हातात घेतली आणि अर्थातच आतून बघितली. डॉक्टरांनी बोटाने दाखवलं, ही जाळी आत्ता मिटलेली आहे, फुग्याने ताणली की उघडते. बाईंनी नखाने जाळी चाचपली. मग त्यांचं हसू गेलं.

"माया ठेवनं सोपं शे," त्या सावकाश म्हणाल्या. "उसवताना कापड फाटस. त्यानं काय?"

हे मी हिंदीत सांगितलं. डॉक्टरही आता हसत नव्हते.

"हां बा. फट सकता है," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी ते सगळं सांगितलं, जे आम्ही विचारलंच नव्हतं. एकदम रुंद करत नाहीत, थोडं थोडं करतात. ताणताना कडेला चीर जाऊ शकते, म्हणून त्या वेळी शस्त्रक्रियेची सगळी तयारी शेजारीच ठेवतात. कधी कधी जमत नाही आणि छाती उघडावीच लागते. कुठल्या मुलाला जमणार नाही हे आधी ओळखता येतंच असं नाही. बाई मध्ये मध्ये विचारत होत्या. जुनी शिवण कडक झाली असली तर? एका बाजूनेच उघडली तर? मी भाषांतर करत होते आणि डॉक्टर प्रत्येकाचं उत्तर देत होते, माहीत नसलं तिथे माहीत नाही म्हणत होते. नवरा इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता, तो येऊन खुर्चीत बसला.

बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "आतापर्यंत जो तो मला सांगत होता, घाबरू नका. फाटू शकतं असं हाच पहिला बोलला." त्याने संध्याकाळी नव्या झडपेसाठी सही केली. माझ्याशी तो त्या दिवशी पुष्कळ बोलला.

शस्त्रक्रियेच्या दिवशी बाई आमच्याबरोबर बाहेरच्या बाकावर होत्या. समोरून किती तरी माणसं गेली, डॉक्टर, नातेवाईक, एक नवरदेवासारखा नटलेला माणूससुद्धा. बाईंनी कुणाची बाही धरली नाही. हात मांडीवर ठेवून बसून होत्या. झडप नीट बसली असं कळल्यावर त्यांनी फक्त पिशवीतून पाणी काढलं आणि आधी माझ्या नवऱ्याला दिलं.

घरी आल्यावर आम्ही सुटलो असं समजलो. चिमीचे ओठ गुलाबी झाले, जिना ती न बसता चढू लागली. पण अंग धरेना. जेवणावरून उठायची, दूध नको म्हणायची. शाळेत मुलींना उंचीप्रमाणे रांगेत उभं करतात, तर ही गुडघे वाकवून उभी राहते, असं तिच्या मॅडमनी सांगितलं. पुन्हा काही बिघडलं की काय, म्हणून आम्ही हादरलो. तपासण्या केल्या, सगळं ठीक.

बाईंना एके दिवशी चिमी जिन्याखाली मांजराला दूध पाजताना सापडली. त्या तिच्याशेजारी फरशीवर बसल्या.

"मांजर पी ऱ्हायनी. आनि तू?"

"माले मोठं व्हवानं नही," चिमी म्हणाली.

"का बरं?"

"मी मोठी व्हसू ते झडप धाकली पडी जाई. मंग परत छाती कापतीन."

झोपलेली समजून आम्ही जे बोलत होतो, ते सगळं तिने ऐकलं होतं. त्यातलं अर्धं तिला समजलं आणि त्या अर्ध्यावर तिने आपला उपाय काढला होता. बाई वर माझ्याकडे आल्या, दार न वाजवता, आणि खाटेवर बसून रडल्या. "वाढाले भ्यास वं हाई पोर," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. पोटच्या पोरीने वाढायचं नाही असं ठरवावं आणि आईला ते कळू नये!

मला वाटलं बाई आता तिला समजावतील. त्यांनी समजावलं नाही. "मी सांगसू ते पटाव नही तिले," म्हणाल्या आणि चिंचपाड्याच्या त्या नर्सला फोन लावायला सांगितला. नर्सने डॉक्टरांना गाठलं, आणि त्या बिचाऱ्या माणसाने दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये, डोक्यावरची टोपीही न काढता, मोबाइलवर चिमीला तोंड दाखवलं. ते लांबलचक काही बोलले नाहीत.

"बेटा, तेरे वाल्व में माया रखी है. बा से पूछ, बा ने खुद देखी है. तू बढ. जितना मन करे, बढ. खोलने का काम मेरा."

चिमीने बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली. "मी आतमाईन देखी शे," म्हणाल्या. बाईंनी एखादी शिवण आतून बघून चांगली म्हटली म्हणजे काय, ते चिमीइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तिने दूध घेतलं. डॉक्टर 'माया' म्हणाले ती कापडातली की दुसरी, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मला दोन्ही हव्या होत्या आणि दोन्ही मिळाल्या.

आभार मानायची बाईंना चीड होती. मी एकदा त्यांच्यासाठी साडी घेऊन गेले आणि हात जोडून दोन वाक्यं बोलायला लागले, तर त्यांनी साडीचा पदर उलटा करून काठ बघायला सुरुवात केली. त्यामुळे जे म्हणायचं होतं ते राहूनच गेलं. ते इथे म्हणते. माझी मुलगी वाढली ती डॉक्टरांच्या हातामुळे, आणि बाईंच्या त्या लाज सोडून आत बघायच्या खोडीमुळे. मी त्या खोडीवर इतकी वर्षं चिडले. त्या खोडीचे माझ्यावर उपकार आहेत.

पुढे आम्ही शहाद्याला घर बांधलं आणि नंदुरबार सुटलं. बाईंना काचबिंदू झाला, दिसेनासं झालं, तेव्हा त्यांची भाची त्यांना खापरला आपल्याकडे घेऊन गेली. फोनवर बोलणं व्हायचं. जाणं मात्र आज-उद्या करत राहिलं. मध्यंतरी चिमी अशी वाढली, की बघता बघता माझ्या खांद्याला लागली, मग माझ्यापुढे गेली. सातवीत होती तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता वेळ झाली, आता फुगा घालू.

त्या दिवशी पुन्हा तोच बाक. नवरा आणि मी, मध्ये एक जागा रिकामी. डॉक्टर बाहेर आले ते दारातूनच बोलत आले, "खुल गई. आराम से खुल गई. कहीं फटी नहीं." माझ्या नवऱ्याने त्यांचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

येताना आम्ही गाडी केली होती आणि रस्ता खापरवरूनच होता. बाई ओट्यावर खाट टाकून बसल्या होत्या, खूप वाळलेल्या, डोळे आमच्या दिशेने पण आमच्यावर नाहीत. भाचीने कानाशी सांगितलं, नंदुरबारवाले आले. त्यांनी हवेत हात पुढे केला, चिमीचं डोकं असायला हवं तिथे. हात चिमीच्या पोटाला लागला आणि थांबला.

"हाई ते पोट शे," बाई गोंधळल्या. "डोकं कोठे गयं?"

"वर शे, बाई आजी," चिमी हसली आणि त्यांच्या हाताला सापडावं म्हणून गुडघ्यात वाकली.

"वाकू नको!" बाई ओरडल्या, वर्गात ओरडायच्या तशा. "सीधी उभी ऱ्हाय."

चिमी सरळ झाली. भाची नको नको म्हणत असताना बाई खाटेची कड धरून उठल्या. त्यांचा हात चिमीच्या बरगड्यांवरून चाचपत वर निघाला, छातीवरच्या व्रणावरून गेला, खांद्याशी आला, कानाशी आला. तिथे त्यांचा हात संपला. चिमी पुन्हा वाकणार होती.

"वाकू नको, माय. मी पोचस," बाई म्हणाल्या, आणि टाचा उचलून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.